काशीयात्रेला सीपॅप मशीन न्यावं की घरी ठेवावं?

गंगापूररोडची_मनीषा
नमस्कार मंडळी. आमच्या ह्यांना (वय ६१) स्लीप अ‍ॅप्नियासाठी सीपॅप मशीन (नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावलंय. झोपेच्या तपासणीत एएचआय ४२ आला होता, म्हणजे तासाला बेचाळीस वेळा श्वास अडकतो किंवा अर्धवट होतो. मशीन आल्यापासून घोरणं बंद, रात्री सारखं लघवीला उठणं बंद, सकाळचं डोकं जड होणंही बंद. घरात सगळं सुरळीत आहे.

आता त्यांचं भजनी मंडळ काशीला निघालंय. जाताना नाशिकरोडहून कामायनी, म्हणजे एक रात्र गाडीत. तिथे धर्मशाळेत एका हॉलमध्ये आठ-दहा जण. येताना वाराणसी ते मुंबई विमान. ह्यांचं म्हणणं, "चार रात्रींनी काय बिघडतंय, राहू दे ते धूड घरी." खरं कारण मला माहीत आहे. मंडळातल्या लोकांसमोर नाकाला नळी लावून झोपायची लाज वाटते. भर सभामंडपात पखवाज बडवताना वाटत नाही, इथे मात्र वाटते.

गाडीत मशीन चालतं का? विमानात वेगळं सामान धरतात का? आणि मुळात न्यायलाच हवं का? मशीन साधं घरगुती आहे, प्रवासाचं छोटं मॉडेल नाही.

तपोवनातला_बाळ
हॉलमध्ये एक घोरणारा असला की बाकीच्या नऊ जणांना जागरणाचं पुण्य फुकटात मिळतं. पुण्य वाटायचं असेल तर ठेवा घरी.

भाऊ_सिन्नरकर
मला वाटतं मशीनचं उगाच स्तोम माजवलंय. मलाही अ‍ॅप्निया आहे. अष्टविनायक मशीनशिवाय केला, कोकणात गेलो मशीनशिवाय, काही झालं नाही. कुशीवर झोपायचं, रात्री हलकं जेवायचं, बास. देवाच्या दारी जाताना दीड किलोचं यंत्र, वर नळ्या, वर वायरी कशाला?

ओझरचा_वैमानिक(नाही)
सिन्नरकर, "काही झालं नाही" हे तुम्ही सांगताय. तुमच्या खोलीत झोपलेल्यांना विचारलंत का?

भाऊ_सिन्नरकर
बायकोला विचारलं. ती म्हणाली दुसऱ्या खोलीत झोपले होते.

छातीचा_डॉक्टर
नाशिकलाच प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं लिहितो. मनीषाताई, झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. ऑक्सिजन खाली जातो, मेंदू दचकून जागा करतो, माणूस धापकन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. त्याला स्वतःला पत्ताही नसतो. सीपॅप बाहेरून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. घरगुती मशीनवर हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका ठेवता येतो. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय पहिल्यांदा प्रसिद्ध केला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मशीन आजार बरा करत नाही. लावलंय तोवर काम करतं. काढलं की अडथळे त्याच रात्री परत सुरू होऊ शकतात. एखादी रात्र हुकली म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण सलग चार-पाच रात्री म्हणजे दिवसा डुलक्या, चढलेलं बीपी आणि वर घाटाच्या ओल्या पायऱ्या. काशीला पहाटे अंधारात स्नानाला उतरणार ना सगळे?

आणि सिन्नरकर, तुमचा एएचआय किती होता?

भाऊ_सिन्नरकर
बारा.

छातीचा_डॉक्टर
पाच ते पंधरा सौम्य, तीसच्या वर तीव्र. बाराला कुशीवर झोपून, वजन उतरवून, कधी दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून भागू शकतं. बेचाळीसला तुमचा सल्ला देऊ नका, एवढंच.

भाऊ_सिन्नरकर
बरं. पण वजन उतरवा म्हणालात तिथे मी धागा सोडून चहा प्यायला गेलो होतो.

डबा_बी२
रेल्वेचं मी सांगतो, भरपूर फिरलोय. डब्यातल्या प्लगला ११० व्होल्ट असतात. घाबरू नका. मशीनच्या अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरात '१००-२४०' लिहिलेलं असेल तर चालतं. बहुतेकांवर असतंच, पण भिंग घेऊन एकदा वाचा.

खरी अडचण वेगळी आहे. रात्री चार्जिंगचे प्लग बंद करतात. आगीच्या घटना टाळायला पश्चिम रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवायचं ठरवलं होतं, आणि इतर गाड्यांतही हा अनुभव येतो. कधी चालू असतात, कधी नसतात. म्हणजे मशीनची गरज नेमकी ज्या वेळी, त्याच वेळी वीज नाही. डब्यातल्या अटेंडंटला सांगून काही वेळा काम होतं, पण त्याच्या भरवशावर रात्र काढू नका. शिवाय प्लग इतके सैल असतात की गाडीने सांधा बदलला की पिन बाहेर.

दुसरं, खालचाच बर्थ पाहिजे. मधल्या बर्थवर मशीन ठेवणार कुठे, पोटावर? पुरुषांना ६० पूर्ण झाल्यावर ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यातून तिकीट काढता येतं, पण एका तिकिटावर एकटे किंवा दोघंच असतील तर. मंडळाच्या मोठ्या बुकिंगमध्ये टाकलंत तर कोटा लागत नाही. ह्यांचं तिकीट वेगळं काढा.

गंगापूररोडची_मनीषा
हे वेगळ्या तिकिटाचं माहीतच नव्हतं! मंडळाचे अध्यक्ष उद्या बुकिंग करणार होते. आत्ताच फोन करते.

इंदिरानगर_केतकी
गाडीसाठी बॅटरी घ्या. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही हेच केलं. आधी एक गैरसमज काढते. अ‍ॅडॅप्टरवर '९० वॅट' वाचून लोक नव्वद गुणिले आठ तास असा हिशोब करतात आणि सातशेवीस वॉट-अवर बघून गार पडतात. ते आकडे कमाल मर्यादेचे. सगळ्यात जास्त वीज पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी खातात. ते दोन्ही बंद केले की नुसता पंखा उरतो, आणि तो फार कमी घेतो. एसी डब्यात जरा कोरडं वाटेल, एक रात्र निभावते.

बॅटरी घेताना नुसते एमएएच बघू नका, वॉट-अवर बघा. एमएएच गुणिले व्होल्ट भागिले हजार. मोबाइलच्या पॉवर बँकवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे ७४ वॉट-अवर. आणि तुमच्या मशीनला बारा व्होल्ट लागतात की चोवीस, हे मागच्या लेबलवर बघून त्या कंपनीची डीसी केबल घ्या. बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून पुन्हा अ‍ॅडॅप्टर असा द्राविडी प्राणायाम केला की वाटेतच वीज वाया जाते.

येताना विमान आहे, त्यामुळे बॅटरी १०० वॉट-अवरच्या आतली ठेवा. ती हातातल्या बॅगेत चालते. १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वरची नेता येत नाही. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही.

निघायच्या आधी घरी एक पूर्ण रात्र बॅटरीवर झोपवून बघा. आमच्याकडे पहाटे चारला मशीन गप्प झालं आणि सासरे मास्कमध्ये घुसमटून उठले. घरीच झालं म्हणून बरं. मग दाब आणि मास्कची गळती बघून मोठी बॅटरी घेतली.

तपोवनातला_बाळ
बॅटरी पूर्ण भरूनच घरून निघा. गंगापूर रोडहून नाशिकरोड स्टेशनला जाताना द्वारकेच्या चौकात एक झोप होते.

पंचवटीकर
द्वारका सोडा, कुंभाच्या कामांनी सध्या सगळं शहरच द्वारका झालंय.

संयोजक_माळी
रस्त्यांसाठी वेगळा धागा आहे, तो चारशे प्रतिसादांवर गेलाय. तिकडे जा.

दिंडीतला_विनायक
लाजेबद्दल लिहितो. आमच्या दिंडीत एक काका आहेत, वय सत्तरीच्या पुढे. संत निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जातात. गेली काही वर्षं मशीन घेऊन. तुमची धर्मशाळा तरी पक्की आहे, इथे रोज नवा मुक्काम. कधी शाळेची पडवी, कधी तंबू, कधी पावसात भिजलेली ताडपत्री.

सुरुवातीला त्यांनी ट्रकच्या बॅटरीवरून वायर ओढली होती. सकाळी ट्रक चालू होईना, चालकाने सगळ्या दिंडीसमोर उद्धार केला. मग घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी लाकडी खोक्यात घालून ट्रकात ठेवायला लागले. मुक्कामाच्या गावी कुणाच्या तरी घरी किंवा पिठाच्या गिरणीवर ती दिवसभर चार्जिंगला. गिरणीवाले पैसे घेत नाहीत, उलट चहा देतात.

पहिल्या रात्री तंबूतले सगळे उठून बसले होते. काका पाठीवर आडवे, नाकावर मास्क, नळी उशीवरून मागे गेलेली, बॅटरीच्या खोक्यावर हिरवा दिवा. एका पोराने हळूच विचारलं, "माउली, ही हवा कुठली भरता?" काकांनी मास्क जरा उचलून सांगितलं, "ब्रह्मगिरीची. पिशवीत भरून आणलीय." सगळा तंबू हसला. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. आता नवा वारकरी आला की बाकीचेच त्याला मशीन समजावून सांगतात, आणि मशीनशेजारची जागा धरायला भांडतात, कारण त्या कोपऱ्यात घोरणं नसतं.

ओझरचा_वैमानिक(नाही)
ब्रह्मगिरीची हवा! आमच्याकडे नात आजोबांना मास्क लावला की गणपती म्हणते आणि सोंडेला हात लावून नमस्कार करते.

कॉलेजरोडची_आजी
मी ६७. स्वतः मशीन लावते. बायकांच्या घोरण्याबद्दल घरात कुणी तोंड उघडत नाही, आणि डॉक्टरसुद्धा आधी थायरॉइड, मग रक्त, मग "टेन्शन घेऊ नका" इथेच थांबतात. पाळी गेल्यानंतर बायकांत हे वाढतं, हे मला मुलीने अमेरिकेतून सांगितलं. असो, तो माझा जुना राग आहे.

विमानाचं सांगते. मशीन चेक-इनला द्यायचं नाही, हातातच. निघताना पाण्याची टाकी काढून रिकामी करून पुसायची, नाहीतर बॅग आडवी झाली की पाणी मोटरमध्ये जातं. सुरक्षा तपासणीत लॅपटॉपसारखं बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं, म्हणून मास्क आणि नळी आधीच स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवते. त्या ट्रेमध्ये लोक बूट ठेवतात हो. डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, त्यात निदान, मशीनचं नाव आणि "प्रवासात जवळ ठेवणे आवश्यक" एवढं पुरतं.

अमेरिकेतल्या नियमांत असं वैद्यकीय उपकरण हातसामानाच्या मोजणीत धरत नाहीत. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात एका काउंटरवरच्या मुलीने माझं मशीन वजनकाट्यावर ठेवून जादा पैसे मागितले होते. मी आधी ईमेल करून घेतलेलं उत्तर फोनवर दाखवलं, तेव्हा सोडलं. म्हणून तिकीट काढल्याबरोबर कंपनीला लिहा आणि लेखी उत्तर जवळ ठेवा. तोंडी "हो मॅडम चालेल" याला काउंटरवर काही किंमत नाही.

बागूलगल्लीतला_मास्तर
पाण्याचं काय करता? डिस्टिल्ड वॉटर प्रवासात कुठे शोधायचं? मी पेट्रोल पंपावरची बॅटरीच्या पाण्याची बाटली घेतो, स्वस्त पडते.

छातीचा_डॉक्टर
मास्तर, ते बंद करा. ती बाटली बॅटरीसाठी भरलेली असते, श्वासातून घेण्यासाठी नाही. आणि त्याच फळीवर बॅटरीचं अ‍ॅसिडही ठेवलेलं असतं. औषधाच्या दुकानात विचारा. मिळालं नाही तर थोड्या दिवसांसाठी उकळून गार केलेलं पाणी चालतं, टाकीत पांढरे डाग पडतील ते घरी आल्यावर धुऊन काढा. किंवा सरळ ह्युमिडिफायर बंद. नळाचं कच्चं पाणी मात्र नको, आणि काशीला आहात म्हणून गंगाजल तर अजिबात नको. हसू नका, माझ्या एका पेशंटने हे विचारलेलं आहे.

बागूलगल्लीतला_मास्तर
आज्ञा शिरसावंद्य.

लेह_लडाख_बुलेट
जरा अवांतर. जूनमध्ये लेहला जातोय. ३५०० मीटरवर मशीन चालतं का?

छातीचा_डॉक्टर
नवी मशीन उंचीप्रमाणे दाब आपोआप जुळवतात, जुन्यांत हाताने सेटिंग करावं लागतं. पण उंचीवर वेगळाच प्रकार सुरू होतो: घसा उघडा असतो आणि मेंदूच मध्येमध्ये श्वासाचा हुकूम द्यायचा थांबतो. सीपॅपने ते पूर्ण भागत नाही. जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. आणि तिथे पहिल्या रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेऊ नका, दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

लेह_लडाख_बुलेट
शेवटच्या वाक्याने सहलीतला अर्धा गट रद्द झाला.

नवा_सभासद_सातपूर
माझ्याकडे मशीन नाही अजून, डॉक्टरांनी सांगितलंय. जुनं वापरलेलं स्वस्तात मिळतंय, प्रवासासाठी दुसरं म्हणून घ्यावं का?

इंदिरानगर_केतकी
मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या आवाज कमी करणाऱ्या फोमचा भुगा होऊ शकतो म्हणून जगभरातून बरीच मशीन परत बोलावली होती. त्यातली अजून फिरत असतील. शिवाय दाब तुमच्या तपासणीप्रमाणे लावून घ्यायचा असतो, दुसऱ्याचं सेटिंग तसंच चालवायचं नाही. मास्क तर नवाच घ्या. प्रवासासाठी तीनशे ग्रॅमचं एअरमिनीसारखं छोटं मशीन येतं, त्यात पाण्याची टाकी नसते, पण त्याला मास्क ठरावीकच लागतात आणि किंमत ऐकून झोप उडते.

भाऊ_सिन्नरकर
म्हणजे अ‍ॅप्निया गेलाच की!

गंगापूररोडची_मनीषा
सगळ्यांचे आभार. काल ह्यांना हा धागा वाचायला दिला. सिन्नरकरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, "बघ, हे काय म्हणतायत." मग "बारा" आल्यावर गप्प झाले. दिंडीतल्या काकांचा प्रतिसाद मात्र दोनदा वाचला.

आत्ताची स्थिती अशी. तिकीट वेगळं काढलं, खालचा बर्थ मिळाला. विमान कंपनीला ईमेल टाकलाय. मंडळाच्या अध्यक्षांनी धर्मशाळेत फोन करून भिंतीकडची, बोर्डाजवळची जागा सांगून ठेवली. पण ह्यांची तडजोड अशी आहे की काशीत मशीन लावतो, गाडीत एक रात्र नाही. बॅटरीचा खर्च एका रात्रीसाठी नको म्हणतात. डॉक्टरसाहेब, एवढं चालेल का?

छातीचा_डॉक्टर
मी "चालेल" असं लिहून देणार नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. एका रात्रीवर मी भांडत बसणार नाही, एवढं खरं. गाडीत नाहीच लावलं तर उताणे झोपू देऊ नका. पाठीमागे बॅग लावून कुशीवर, उशाला उंची. आणि मशीन सीटखाली साखळीत अडकवू नका, बाहेर ठेवा. अर्ध्या रात्री लोकांनी हलवून उठवलं आणि प्लग चालू असला तर लावतील स्वतःच.

इंदिरानगर_केतकी
आमची बॅटरी पडून आहे, सासरे सध्या कुठे जात नाहीत. चोवीस व्होल्टची आहे, ८८ वॉट-अवर. तुमच्या लेबलवर काय आहे बघा आणि जुळत असेल तर घेऊन जा. खर्चाचा प्रश्न मिटला. पण घरची ट्रायल चुकवू नका, बॅटरी जुनी झालीय.

गंगापूररोडची_मनीषा
केतकी, चोवीसच आहे! व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते. आता ह्यांना कारण उरलं नाही, तोंड बघण्यासारखं झालंय. एक शेवटचं: धर्मशाळेच्या हॉलसाठी एक्स्टेंशन बोर्ड किती लांबीचा न्यावा?

डबा_बी२
पाच मीटर घ्या. तीन मीटर नेहमी कमी पडतो. मेनरोडला कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. आणि थ्री-पिनचं टू-पिन करणारा प्लग बरोबर ठेवा, जुन्या धर्मशाळांत भिंतीवर टू-पिनच असतात. बोर्डावर दोन-तीन जास्तीचे पॉइंट असू द्या, सगळं मंडळ मोबाइल घेऊन तिथेच येणार आहे.